थांबलेल्या गाड्या कशा पाहाव्यात



साहित्याच्या व्याख्यानमालेत जुन्या आगगाड्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही जणांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. वाफेचे इंजिन कसे चालते हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि आजचा तो हेतूही नाही. जुन्या सार्वजनिक वाहनांचे उघड्यावरचे संग्रहालय पाहायला आपण जातो, तेव्हा नेमके काय पाहतो आणि आपल्या नजरेतून काय निसटते, याचा विचार मला करायचा आहे. पुस्तक वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे पाहणे अधिक चांगले जमू शकते. शिवाय जे निसटते ते सावरून धरण्याचे काम बऱ्याच अंशी आपल्यासारख्यांचेच आहे.

उघड्यावरचे संग्रहालय ही कल्पना फार जुनी नाही. स्वीडनमध्ये आर्तूर हाझेलियस या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ सुरू केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी शेतकरी घरे उचलून आणून त्यांनी ती एका टेकडीवर पुन्हा उभी केली. वस्तू काचेच्या कपाटात ठेवली की ती एकाकी पडते. तिच्याभोवती अंगण, झाड, वाट असेल तर पाहणाऱ्याला ती वापरात कशी होती हे कळते, असा त्यामागचा विचार होता. पुढे इंग्लंडमध्ये बीमिश, क्रिच अशा ठिकाणी जुन्या ट्रामगाड्यांसाठी तोच मार्ग धरला गेला. तिथे त्या रस्त्यावरून धावतात आणि पाहुणे त्यांत बसतात.

आपल्याकडे अशा संग्रहालयांत सर्वांत मोठे आणि माळव्यातल्या माणसाला सोयीचे म्हणजे दिल्लीच्या चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. ते १ फेब्रुवारी १९७७ रोजी खुले झाले. उज्जैनहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी दिल्ली, त्यामुळे एका दिवसाचा बेत सहज आखता येतो. फक्त सोमवार टाळावा, त्या दिवशी ते बंद असते. आत एक इमारत आहे, पण खरे संग्रहालय बाहेरच्या आवारात पसरलेले आहे. इंजिने, डबे, यारी आणि मालगाड्यांचे वाघिणे तिथे रुळांच्या तुकड्यांवर उभे आहेत.

अशा आवारात शिरल्यावर बहुतेकांचे पाय सर्वांत मोठ्या इंजिनाकडे वळतात. मुलांना त्याच्यासमोर उभे करून फोटो काढला जातो आणि तासाभरात सगळे पाहून होते. यात चूक काही नाही. पण मूर्ती आणि गाडी यांत एक फरक आहे. मूर्ती घडवली तेव्हापासूनच स्थिर असते. गाडीचे सगळे प्रयोजन चालण्यात आणि माणसे नेण्यात असते. ती थांबली की तिच्याबरोबर स्थानक, तिकीट, हमाल, सांधेवाला, गार्ड, वेळापत्रक आणि उतारू हे सगळे नाहीसे होते. समोर उरते ते लोखंड आणि लाकूड. त्यावरून उरलेल्या गोष्टी ओळखायच्या असतील तर थोडे क्रमाने पाहावे लागते. मी तीन जागा सुचवतो : खाली, आत आणि पाटीवर.

पहिल्यांदा खाली पाहावे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराकडे. यालाच आपण गेज म्हणतो. भारतातले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, मीटरगेज १००० मिलिमीटरचे आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिलिमीटरचे. ही तफावत इंजिनिअरांच्या लहरीतून आलेली नाही, तिच्यामागे पैशाचा हिशेब आहे. रूळ जितके जवळ तितके डबे लहान, पूल हलके, वळणे तीव्र घेता येतात आणि खर्च कमी होतो. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या सुमारास, खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारने मीटरगेजचा मार्ग धरला. संस्थानांना त्याहूनही स्वस्त काही हवे असे, तेव्हा नॅरोगेज आले. म्हणून संग्रहालयात रुळांमधले अंतर पाहिले की ही गाडी कोणत्या मुलखासाठी आणि किती पैशांत बांधली गेली याचा अंदाज येतो.

उज्जैनकराला हा धडा शिकायला दिल्लीला जाण्याचीही गरज नव्हती. या एका शहराने तिन्ही गेज पाहिले आहेत. १८७६ मध्ये फतेहाबादकडून मीटरगेज आले, १८९६ मध्ये भोपाळकडचे ब्रॉडगेज आले आणि १९३२ मध्ये आगरकडे जाणारी ६१० मिलिमीटरची छोटी गाडी सुरू झाली. गेज बदलले की उतारूंना गाडी बदलावी लागे आणि मालाचे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिण्यातून दुसऱ्यात जाई. आज फ्रीगंजच्या पुलावरून खाली पाहिले तर विजेच्या तारांखाली सगळे रूळ एकाच मापाचे दिसतात. आगरची गाडी १९७० च्या दशकात बंद झाली आणि रूळ उखडले गेले. फतेहाबादचे मीटरगेज २०१४ मध्ये थांबले आणि त्या जागी पुढे ब्रॉडगेज आले. सोय झाली हे खरेच. पण तीन मापांचे शहर एका मापाचे झाले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

रुळांच्या या हिशेबात मराठी संस्थानांचा वाटा मोठा आहे आणि संग्रहालयात हिंडताना तो धागा धरून चालता येते. बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ च्या सुमारास डभोई भागात नॅरोगेज रूळ टाकले आणि सुरुवातीला त्यांवरची गाडी चक्क बैल ओढत. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा–इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दोन फुटी रुळांचे जाळे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे नेले. श्योपूरची ती सुमारे दोनशे किलोमीटरची गाडी २०२० च्या मार्चपर्यंत, टाळेबंदी लागेपर्यंत, धावत होती. आपली आगरची गाडी याच शिंदेशाही जाळ्याचा माळव्यातला तुकडा. ती अवघी ४२ मैलांची होती.

आता दुसरी जागा, म्हणजे डब्याच्या आत. दिल्लीच्या आवारातले सर्वांत देखणे डबे राजेरजवाड्यांचे आहेत. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीसाठी १८७५ मध्ये बांधलेला सलून तिथे आहे, इंदूरच्या महाराजांचा १८७८ चा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. मराठी माणूस होळकरांच्या सलूनपाशी थोडा अधिक वेळ थांबेल आणि थांबावेही. पण तिथे उभे असताना एक साधा प्रश्न मनात ठेवावा : हे सार्वजनिक वाहन होते का? ज्या डब्यात एकच माणूस प्रवास करी त्यातून त्या माणसाची आवड कळते. ज्या डब्यात पन्नास-साठ माणसे कोंबली जात, त्यातून देश कसा प्रवास करत होता हे कळते.

माणसे ज्या डब्यांत बसली ते डबे मात्र अशा संग्रहालयांत फारच थोडे असतात. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. राजाचा सलून वर्षातून मोजके दिवस बाहेर पडे, उरलेले दिवस शेडमध्ये झाकून ठेवलेला असे, त्याची निगा राखायला माणसे असत. तिसऱ्या वर्गाचा डबा रोज धावे. त्याची बाके घासत, दारे निखळत, दुरुस्तीच्या वेळी जुन्या डब्याचे सामान नव्याला लागे. शेवटी तो भंगारात निघे. लोखंड वितळवले जाई आणि लाकूड चुलीत जाई. जे कमी वापरले गेले ते टिकले आणि जे सर्वांनी वापरले ते झिजून संपले. संग्रहालय कोणाशी पक्षपात करत नाही. काळाच्या हातून जे वाचले तेच त्याच्या वाट्याला येते. पण पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवले नाही तर जुन्या काळचा प्रवास म्हणजे मखमल आणि पितळी दिवे, असा समज घेऊन तो घरी येतो.

तिसरा वर्ग १९७४ पर्यंत अस्तित्वात होता. त्याच्या हालांवर महात्मा गांधींनी १९१७ मध्ये स्वतः प्रवास करून लिहिले, कारण बहुसंख्य भारतीयांचा प्रवास तोच होता. दिल्लीच्या संग्रहालयात त्या प्रवाशाचा एक दुर्मीळ आवाज जपलेला आहे आणि तो कुठल्याही डब्यात नाही, कागदावर आहे. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली उतारूने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला इंग्रजीत तक्रार लिहिली. अहमदपूर स्थानकावर शौचाला उतरलेला असताना गार्डने शिट्टी दिली, गाडी सुटली, हा बिचारा लोटा आणि धोतर सावरत पळाला आणि फलाटावर सर्वांदेखत पडला. त्याची इंग्रजी मोडकी आहे म्हणून पत्र वाचून लोक हसतात. पण ते पत्र वाचल्यावर ज्यांत शौचालय नव्हते अशा डब्यांतला लांबचा प्रवास जसा समजतो, तसा शंभर इंजिने पाहूनही समजत नाही. वस्तूला जे सांगता येत नाही ते एका साध्या माणसाच्या लिहिण्याने सांगितले. आजच्या विषयाचा हाच गाभा आहे.

तिसरी जागा पाटीची. प्रत्येक इंजिनावर कारखानदाराची एक धातूची पाटी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, गाव, क्रमांक आणि साल असते. रंगाचे थर चढून ती बुजलेली असली तरी हाताने चाचपता येते. संग्रहालयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केवळ या पाट्या वाचत गेलो तर लीड्स, ग्लासगो, मँचेस्टर, बर्लिन अशी गावे भेटत जातात. आपल्या गाड्या कुठून येत होत्या हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच राजपुताना–माळवा रेल्वेसाठी अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये तयार झालेल्या एफ-७३४ या मीटरगेज इंजिनापाशी अवश्य थांबावे. हे भारतात बांधलेले पहिले इंजिन मानले जाते. दिसायला ते आसपासच्या अवाढव्य धुडांपुढे लहानसे आहे, त्यामुळे पुष्कळ लोक त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. ज्या कंपनीच्या नावातच माळवा आहे आणि उज्जैन–फतेहाबादचा फाटा जिच्या जाळ्यात होता, तिच्यासाठी ते बांधले गेले, एवढे ठाऊक असले की ते आपल्याला परके राहत नाही.

याच आवारात महाराष्ट्राची आठवण करून देणारी माथेरानची छोटी रेलकारही आहे. नेरळहून डोंगर चढणारा तो मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०४ ते १९०७ या काळात तयार झाला. तिच्याजवळ उभे राहून रुळांमधले अंतर पाहिले तर ते आपल्या आगरच्या गाडीइतकेच, दोन फुटांचे आहे. ज्यांनी आगरची गाडी पाहिलेली नाही त्या तरुणांना तिच्या रुंदीची कल्पना द्यायची असेल तर यापेक्षा चांगले साधन नाही.

आता एका वादाबद्दल. जुनी गाडी जशीच्या तशी उभी ठेवावी की दुरुस्त करून चालवावी? दोन्ही बाजूंना वजन आहे. उघड्यावर उन्हापावसाने लोखंड गंजते, लाकूड फुगते, आकसते आणि तडकते. दरवर्षी रंग दिला तर गंज थांबतो, पण मूळ रंग, अक्षरे, ओरखडे त्याखाली गाडले जातात. चालवायची म्हटले तर आणखी पंचाईत. वाफेच्या दाबाखाली जुना बॉयलर धोक्याचा, म्हणून तो बदलावा लागतो. मग नळ्या, मग आणखी काही. लीड्समध्ये १८५५ साली बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन बरीच वर्षे याच संग्रहालयात उभे होते. १९९७ मध्ये ते दुरुस्त होऊन दिल्ली–अलवर मार्गावर पुन्हा धावू लागले आणि जगातले सर्वांत जुने चालू इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. एकेक भाग बदलत गेल्यावर ते जुनेच उरते का, असा तर्कशास्त्राचा प्रश्न कोणी विचारील. पण त्याच्या शिट्टीने माना वळल्या असतील, त्या उभ्या इंजिनाकडे पाहून वळल्या नसत्या.

पतियाळाच्या एकरुळी गाडीने हा वाद माझ्यापुरता बराचसा मिटवला आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या गाडीचा जवळजवळ सगळा भार रस्त्याच्या कडेला टाकलेल्या एकाच रुळावर असे आणि तोल सांभाळायला बाजूचे एक मोठे चाक रस्त्यावरून धावे. संस्थानाकडे खेचरे मुबलक होती म्हणून बहुतेक गाड्या जनावरे ओढत, जर्मनीहून आणलेली इंजिने थोडीच होती. १९२७ मध्ये मोटारींपुढे हा मार्ग हरला. पुढे तिचे अवशेष पतियाळात गंजत पडले होते, ते १९६२ मध्ये जाणकारांच्या नजरेस पडले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात त्यांना पुन्हा रूप दिले गेले. नुसते वर्णन वाचून ही गाडी उभी राहते यावर कोणाचा विश्वास बसला नसता. ती चालवून दाखवली म्हणून बसतो. जिथे वस्तू एकमेव आहे तिथे तिला जपावे, जिथे जोडीला दुसरी आहे तिथे एक चालवावी, असा व्यवहारी तोडगा जगभरच्या संग्रहालयांनी काढलेला दिसतो.

आगगाडीबाहेरची सार्वजनिक वाहने तर याहूनही दैन्यावस्थेत आहेत. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची १९०७ मध्ये सुरू झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. नव्वद वर्षे एका महानगराला वाहून नेणाऱ्या त्या गाड्यांची आठवण आज आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात मुख्यतः तिकिटे, छायाचित्रे आणि प्रतिकृतींतून भेटते. कोलकात्यात एस्प्लनेडला एका जुन्या ट्रामच्या डब्यातच संग्रहालय थाटले आहे. आपल्या उज्जैनचे टांगे, नंतरचे टेंपो यांना तर असा कोपराही मिळालेला नाही. काल संपलेले वाहन जुने वाटत नाही म्हणून कोणी जपत नाही आणि जुने वाटू लागते तेव्हा एकही शिल्लक नसते.

इथे साहित्याकडे वळू. ज्या प्रवासाची वस्तू उरली नाही तो प्रवास मराठीत लिहिलेला उरला आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी सुरू झाली आणि दहा वर्षांतच, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. नव्या शहराच्या नव्या सोयी पाहणारा तो पहिल्या पिढीचा डोळा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या निमित्ताने उत्तरेकडे निघाले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये रूळ पडण्यापूर्वीचा मध्य हिंदुस्थान पायी आणि गाडीवाटेने भेटतो. हे पुस्तक छापले गेले ते १९०७ मध्ये, म्हणजे लिहिणाऱ्याने लिहून ठेवले आणि कोणीतरी जपले म्हणून. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ तर आपल्या सर्वांची पाठ आहे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर धावली. त्या काळच्या मोटारीचा सांगाडा कोणी उद्या संग्रहालयात मांडला, तरी तिच्यातली माणसे, त्यांचे वाद, खोळंबा आणि स्वभाव कुठून आणणार? ते ‘म्हैस’मध्येच आहेत.

म्हणून संग्रहालय पाहायला जाताना आपण काहीतरी बरोबर घेऊन जावे लागते. इंजिन तिथे आहे, उतारू आपल्या घरात आहे. आजोबांना दिल्लीला नेले आणि नॅरोगेजच्या डब्यापाशी उभे करून नुसते विचारले, “आगरची गाडी अशीच होती का?” तर पुढचा अर्धा तास कुठल्याही मार्गदर्शकाची गरज पडणार नाही. दिल्ली शक्य नसेल तर आगर नाक्यापर्यंत गेले तरी चालेल.

या बाबतीत वेळ फार उरलेला नाही. आगरच्या शेवटच्या दिवसांत गाडीत बसलेले दहा वर्षांचे मूल आज साठीच्या आसपास आहे. ज्यांनी ती नोकरीधंद्यासाठी रोज वापरली ते त्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्यांना मोठी आत्मचरित्रे लिहायला सांगू नये, कोणी लिहिणार नाही. बारीक प्रश्न विचारावेत. तिकीट कुठे काढत आणि ते कसले असे, कागदाचे की पुठ्ठ्याचे? रात्री डब्यात उजेड कशाचा? बायका कुठे बसत? बाजाराच्या दिवशी गाडीत काय काय चढे? पावसाळ्यात गाडी कुठे अडे? शिट्टी ऐकून घरातले कोणते काम सुरू होई किंवा संपे? घटिया, घोंसला या बाजूच्या गावांत सुना नांदायला गेल्या असतील, वऱ्हाडे गेली असतील. त्यांपैकी कोणाकडे लग्नाची जुनी पत्रिका असेल, ‘अमुक गाडीने येत आहोत’ असे लिहिलेले पोस्टकार्ड असेल, तिकिटाचा तुकडा असेल. हे सगळे रद्दीत जाण्यापूर्वी त्याची प्रत काढून ठेवावी. आणि जे सांगितले जाईल ते त्याच बोलीत, माळव्याच्या हिंदी-मराठी मिसळीसह लिहून ठेवावे. भाषा सुधारून लिहिली तर ओखिलबाबूंच्या पत्रातली जान जशी निघून गेली असती तशी याही आठवणींतली जाईल.

आपल्या या व्याख्यानमालेचा अंक दरवर्षी छापला जातो. त्याच्या शेवटी दोन-चार पाने अशा आठवणींसाठी राखून ठेवता आली तर आगरच्या गाडीचे संग्रहालय उभारायला ना जागा लागेल, ना रूळ. माझी एवढीच सूचना आहे.